सदतीस नकाशांची उतरंड

३ मार्च, सोमवार

सदतीस! दोनदा मोजले. श्रवणयंत्रं विकणारी एवढीशी कंपनी आणि ग्राहकाच्या प्रवासाचे — पहिल्या चौकशीपासून दुरुस्तीपर्यंत तो काय काय करतो, त्याचे — सदतीस नकाशे! दुकानवाल्यांचे वेगळे, दुरुस्तीवाल्यांचे वेगळे, एक तर नुसता बॅटरी बदलण्याचा. कुणाचा कुणाला पत्ता नाही. नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांची उतरंड रचायची आहे — वर एक मोठा नकाशा, त्यातल्या टप्प्यावर टिचकी मारली की खालचा उघडायला हवा. शुक्रवारी सगळ्यांपुढे दाखवायचं. मला कायम करतात की नारळ देतात, ते त्यावरच ठरणार.

साहेबांनी आणखीही काही सांगितलं, पण ते तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. मेल करा म्हटलं. केली बिचाऱ्यांनी, मुद्दे काढून. माणूस भला आहे.

४ मार्च

दिवसभर नकाशे इकडून ओढ, तिकडे सोड. वर तीन टप्पे: खरेदीआधी, खरेदी, खरेदीनंतर. बाकीचे त्यांच्या पोटात. पहिली पायरी — ग्राहक फोन करतो. सात नकाशे तिथूनच सुरू होतात, म्हणजे बरोबरच असणार.

दाराची घंटा बिघडली. सासूबाई देवळात गेलेल्या, नवरा दहा मिनिटं बाहेर उभा! वायरमनला बोलवायला हवं.

५ मार्च

नकाशे छापून जेवणाच्या टेबलावर पसरले होते. सासूबाई भाजी निवडायला बसल्या आणि चष्मा लावून तेच वाचायला लागल्या. त्यांच्या कानात गेल्या वर्षापासून आमच्याच कंपनीचं यंत्र आहे. पहिल्या पायरीवर बोट ठेवून म्हणाल्या, "अगं, ऐकू येत नाही म्हणून यंत्र घ्यायचं ना? मग आधी फोन कसा करायचा?"

एवढी हुशार माणसं, आणि हे एकाच्याही डोक्यात आलं नाही! हसून हसून पोट दुखलं. मग विचारलं, तुमचं कुठून सुरू झालं? तर म्हणे यंत्राच्या चार वर्षं आधी. पहिल्यांदा वाटलं, घरातले सगळे पुटपुटायला लागलेत. मग वाटलं, टीव्ही बिघडलाय. पुढे पुढे पाहुणे आले की त्या स्वयंपाकघरात काम काढून बसायच्या.

"कधी हसायचं तेच कळायचं नाही गं. तुमची तोंडं बघून हसायचे मी."

आणि मी तेव्हा नवऱ्याला सांगायचे, आई हल्ली फटकून वागतात! फार लाज वाटली. तसं बोललेही. त्यांनी गवारीचा ढीग माझ्याकडे सरकवला आणि पुरे म्हणाल्या. एवढंच. मनात काही ठेवलेलं नाही. किती मोठं मन आहे बाईंचं!

६ मार्च

सगळी उतरंड मोडली. पुन्हा रचली. पुन्हा मोडली.

सगळ्यात वर आता खरेदी नाहीच. माणसांपासून दूर जाणं आणि परत येणं — हा मुख्य नकाशा. पहिला टप्पा: सगळे पुटपुटतात असं वाटणं. मग लपवणं, मग मान्य करणं, मग परत येणं. फोन तिसऱ्या टप्प्याखाली गेला, आणि तोही असा — घरचं कुणीतरी फोन करतं. बॅटरीच्या नकाशालाही जागा मिळाली. बॅटरी संपली की माणूस पुन्हा एकटाच की!

सासूबाईंनी चहा आणून ठेवला होता. पाहिला तेव्हा गार झालेला. तसाच प्यायले, गोड लागला.

७ मार्च

दाखवलं! पहिला टप्पा सासूबाईंमुळे सुचला, हेही सांगितलं. मग साहेब उभे राहून काहीतरी बोलले. सगळे हसले, टाळ्या वाजल्या. मीही हसले. पण नक्की काय ठरलं?

संध्याकाळी मेल. "तुम्ही कायम. उतरंड हीच राहील. सासूबाईंना नमस्कार सांगा."

जीव भांड्यात पडला. सासूबाईंना वाचून दाखवली. त्यांनी मुद्दाम दोनदा वाचायला लावली.

८ मार्च

वायरमन येऊन गेला. घंटा ठणठणीत आहे.

सासूबाई माझ्या समोर येऊन बसल्या, तोंड नीट दिसेल अशा. म्हणाल्या, "पहिला टप्पा."

सोमवारी माझ्या कानांची तपासणी आहे. फोन आईंनी केला.