काळी वर, पांढरी खाली

मी, अशफाक करीम शेख, वय ७४, राहणार हिंगणदरा, ता. धारूर, जि. बीड, पूर्ण शुद्धीवर आहे. मला कुणी फितवलेलं नाही. ते आजवर कुणाला जमलेलं नाही. माझ्यामागे काय व्हावं ते लिहून ठेवतो.

घर आणि बँकेतली शिल्लक पत्नी हुस्ना, मुलगी आफ्रीन व इतर वारसांना शरियतप्रमाणे जावी. मृत्युपत्रात मला बोलता येतं ते फक्त एक तृतीयांश मालमत्तेवर. इतकं थोडक्यात मी उभ्या आयुष्यात बोललेलो नाही.

त्या वाट्यातून माझी सर्व पुस्तकं गावच्या वाचनालयाला. समासात मी लेखकांशी भांडलो आहे, ते खोडू नये.

भाषणांचा भोंगा मित्र उत्तरेश्वर यास. "अशफाक, लेका, बंद कर ते," असं तो जन्मभर म्हणत आला. आता त्याने स्वतःच बंद ठेवावा.

राहिला झेंडा. गावाची नगरपंचायत झाली तेव्हा गावाला स्वतःचा झेंडा हवा, हे मी चौकात पटवून दिलं. भगवा, हिरवा, निळा, सगळ्या रंगांना मालक आहेत. म्हणून मी गावची काळी आणि पांढरी घेतली: शेताची माती आणि वस्तीची माती. काळी वर, कारण ती खाऊ घालते. हुस्नाने तो शिवला.

उत्तरेश्वर म्हणाला, "वर काळं कावून? लोक निषेध समजतेल."

मी त्याला शेतीचा सगळा इतिहास ऐकवला.

मग मंत्री आले. आम्ही दोघं झेंडा घेऊन स्वागताला गेलो. फौजदार हसले. "अशफाकभाई, तुमी आन स्वागत? चला, गाडीत बसा." आयुष्यात इतके काळे झेंडे दाखवले, त्यांत हा एकच तसा नव्हता. उत्तरेश्वर मंत्र्यांसाठी आणलेला हार गाडीत मांडीवर जपून धरून बसला.

पुढे सभेत ठरलं: झेंडा चांगला आहे, पण अशफाकभाई आहेत तोवर चढवायचा नाही, कुणाला खरं वाटणार नाही. तेव्हापासून तो हुस्नाच्या पेटीत आहे.

माझ्या दफनानंतर ही अडचण उरत नाही. झेंडा नगरपंचायतीला देतो. माझ्या जनाज्यावर घालू नये, नाहीतर तो पुन्हा माझाच होईल. चाळिसावा दिवस झाल्यावर उत्तरेश्वरने चौकात चढवावा. त्याला पांढरी वर हवी असेल तर उलटा बांधावा, शिवण उसवायला नको. मी हरकत घ्यायला नसेन.

पण उत्तरेश्वर, चढव बे.

वर लिहिलेलं मी स्वतः वाचून, दोघांसमक्ष सही केली.

अशफाक करीम शेख

साक्षीदार: १. रविराज सटवा मुंडे २. रहेमतबी जमील पठाण

हिंगणदरा, ३ फेब्रुवारी २०२५