ओठ वर असलेलं फूल

दि. ३ जून

चि. भिंगोबास,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. गुडघे कुरकुरतात, पण त्यांना विचारतंय कोण? शाळेतून निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी डोंगर चढते, तसा कालही चढले. एका ओल्या कपारीपाशी, गवतात, एक रानऑर्किड दिसलं. वीतभर दांडा, त्यावर अकरा फुलं आणि कळ्या, हिरवट पांढऱ्या, करंगळीच्या नखाएवढ्या. दोन तास पालथी पडून चित्र काढलं. वाटेने जाणाऱ्या एका गुराख्याला वाटलं, म्हातारी गेली! मी मान वळवून त्याला गप्प बस म्हटलं, तेव्हा तो जास्तच घाबरला.

चित्र सोबत आहे. नाव तेवढं कळव. जागा विचारू नकोस, का ते तुला माहीत आहे.

डॉक्टर काय म्हणाले? तू लिहीत नाहीस, आणि तुझ्या बायकोने पत्राच्या कडेला 'सगळं छान' लिहिलंय, ते मला मुळीच छान वाटलं नाही.

तुझी,
ताई


दि. ९ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चित्र पोचलं. सुरेख आहे, पण त्यातली फुलं उलटी आहेत. रागावू नकोस. ऑर्किडच्या फुलात एक पाकळी वेगळी असते, किड्याला बसायला पाट मांडावा तशी. तिला आम्ही ओठ म्हणतो. कळी उमलताना देठाला अर्धा पीळ पडतो आणि ओठ खाली येतो. तुझ्या चित्रात तो वर आहे. फुलं तेवढी फिरवली, तर हे आपलं नेहमीचंच, डोंगरभर उगवणारं. पालथं पडून काढल्यावर असंच व्हायचं. शंका असेल तर एक फूल खुडून पाकिटातून धाड.

डोळ्यांचं लपवत नाही. समोर पाहिलं की मधोमध डाग दिसतो, कडेचं तेवढं स्पष्ट. डॉक्टर म्हणतात, हिवाळ्यापर्यंत वाचणं थांबेल. वाळवलेल्या रोपांच्या कपाटांत जन्म गेला, आता त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या वाचायला मदतनीस लागतो. पत्रं अजून मीच लिहितो, ओळी तिरक्या गेल्या तर सांभाळून घे.

तुझा,
धाकटा


दि. १५ जून

चि. भिंगोबास,
आशीर्वाद, जरा रागातच.

डोळ्यांचं वाचलं आणि हातातला चहा गार झाला. आधी का नाही सांगितलंस? लहानपणी ठेच लागली तरी शाळेतून रडत माझ्याकडे यायचास.

आता फुलाचं. पस्तीस वर्षं पोरांना चित्रकला शिकवली आणि मला वर-खाली कळत नाही? उंटावरून शेळ्या हाकणं सोड. काल दोऱ्याला बटण बांधून ओळंबा केला आणि फुलापुढे धरला. उमललेल्या प्रत्येक फुलाचा ओठ वरच आहे. देठ सरळ आहे, पीळ नाहीच.

आणि खुडणार मी नाही. चाळीस वर्षांपूर्वी तुला विश्वासाने असंच एक रोप दाखवलं होतं. दुसऱ्या दिवशी गेले, तर तिथे सुरीने कापलेला चौकोनी खड्डा. सगळ्या उतारावर ते एकच होतं. तू म्हणालास, संग्रहासाठी नेलं. त्या दिवसापासून मी कुणालाही कुठल्याच फुलाची जागा सांगितलेली नाही. तुला तर नाहीच.

डोळ्यांत औषध वेळेवर घाल.

ताई


दि. २० जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून कपाट उघडलं. ते रोप वाळवून ज्यावर चिकटवलं होतं, तो कागद काढला. चाळीस वर्षांत एकदाही काढला नव्हता. दाबून वाळवलेल्या रोपाची फुलं कशीही चपटी होतात, त्यावरून वर-खाली कळत नाही. एक गळलेलं फूल कोमट पाण्यात भिजवलं, भिंगाखाली धरलं आणि डोळा तिरका करून पाहिलं. मग खात्रीसाठी मदतनिसाला दाखवलं. पीळ नाही, ताई.

कागदावर माझ्याच अक्षरात नेहमीच्या फुलाचं नाव आहे. त्या नावाचे बाकीचे सगळे कागद मदतनिसाने तपासले, आमच्या कपाटांत पीळ नसलेलं हे एवढं एकच. म्हणजे दुर्मीळ होतं ते मी मुळासकट उपटलं, आणि उपटूनही ओळखलं नाही. तुला वेड्यात काढलं ते वेगळंच. चुकलो. हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं.

एक मागणं आहे. दिसतंय तोवर ते एकदा जिवंत पाहायचंय. नाही म्हणालीस तर वाईट वाटेल, पण तुझं चुकलं असं म्हणणार नाही.

तुझा,
धाकटा


दि. २४ जून

चि. भिंगोबास,
आशीर्वाद.

खालची सात फुलं सुकली, वरची चार आहेत. पत्र मिळताच नीघ. सुरी, कागद, डब्या काहीही आणायचं नाही, थैली मी तपासणार. भिंग आण. जागा लिहिणार नाही, हात धरून नेईन.

राग गेलाय असं समजू नकोस. तो तू शेजारी बसलास की काढीन. उशी कापसाची चालते ना अजून?

ताई


दि. १० जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी सांगतोय आणि तुझी भावजय लिहितेय. ती म्हणते, दोघं म्हातारे चिखलात पालथे पडलात, शोभतं का? आणि कपडे तिने तीनदा धुतले.

दोनच फुलं उरली होती, तरी मन भरलं. सरळ पाहिलं की डाग, म्हणून मी शेजारच्या दगडाकडे पाहत राहिलो आणि फूल कडेने हळूच दिसलं. ओठ वर. तू माझा हात धरून होतीस. उतरताना म्हणालीस, की तिथेच पलीकडे तीन कोवळी रोपं आहेत आणि ती मला मुद्दामच दाखवली नाहीस. बरं केलंस.

परवा त्या जुन्या कागदावर नवी चिठ्ठी लावली. नाव दुरुस्त केलं. 'प्रथम कुणी पाहिलं' या रकान्यात तुझं नाव आलं. 'पुन्हा आढळलं का' यापुढे 'होय' आलं. राहिला जागेचा रकाना. आमच्या संग्रहाचे साहेब म्हणाले, तो रिकामा ठेवता येत नाही. मग मीच पेन मागून घेतलं. अक्षर वाकडंतिकडं आलं, पण वाचता येतं: 'ताईला ठाऊक'.

माया आहेच, पुढच्या जूनला पुन्हा येईन तोवर टिकवून ठेव.

तुझा,
धाकटा