अकरा जणांतले अण्णा

अण्णा, त्या दुपारी दारात मी तुम्हाला खरंच ओळखलं नव्हतं. हे सांगायला इतकी वर्षं लागली, कारण असं का झालं ते मलाच गेल्या महिन्यात कळलं. नातीला डॉक्टरांकडे नेलं होतं. वर्गातल्या मैत्रिणींचे चेहरे तिला ओळखू येत नाहीत, पण पंख्याचा सूर जरा बदलला तरी सांगते. ऑटिझम आहे म्हणाल्या. तिला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं मीच द्यायला लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, तपासणी तिची चाललीय." मग माझ्याकडेही नीट बघू लागल्या; चेहरे ओळखू न येणं माझ्यातही जन्मापासूनच आहे म्हणाल्या.

संस्थान विलीन झाल्यावर दप्तरखान्यातले जुने मोडी कागद नव्यानं लावायचं काम तुमच्याकडे आलं होतं. डोक्यावर दरबारी पगडी, झुपकेदार मिशा, अशा थाटात सुटीच्या दिवशी मला सोबत न्यायचात. मला मोडीचं अक्षर लागत नव्हतं, पण कुठला कागद कुठल्या कारकुनाच्या हातचा, हे मी बघताक्षणी सांगे. तुम्ही मुद्दाम ढीग कालवलात, तरी एकही चुकला नाही. "आमच्या पोरीची नजर म्हणजे नजर," असं आपल्या दाना ओली मोहल्ल्यात ज्याला त्याला सांगत सुटलात.

मग भोपाळ राजधानी झालं, कचेऱ्या तिकडे गेल्या, तुम्हीही गेलात. चार महिन्यांनी दार वाजलं. बाहेर शर्ट-पँटमधला, बोडक्या डोक्याचा, बिनमिशीचा माणूस, हातात मिठाईचा पुडा. गंमत म्हणून तुम्ही बोललाच नाहीत. मी म्हटलं, "कोणाशी मिळायचंय आपल्याला? अण्णा तर भोपाळला असतात." तुमचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही, पुड्याची सुतळी धरलेली बोटं सैल झाली, तेवढं दिसलं. आई धावत आली, "बापाला विसरलीस का गं?" तुम्ही म्हणालात, "राहू दे. चार महिने आलो नाही ना, रुसलीय." आवाजावरून तेव्हा ओळखलं, पण फार उशीर झाला होता. मी रुसले नव्हते हो. रोज तुमचीच वाट बघत होते.

पुढच्या खेपेपासून तुम्ही पगडी घालून यायला लागलात. शर्ट-पँटवर पगडी. स्टेशनपासून बोडके, आणि आपल्या गल्लीच्या तोंडाशी टांगा थांबवून पिशवीतली पगडी डोक्यावर, हे टांगेवाल्यानंच आईला सांगितलं. मी लांबूनच ओळखून धावत यायची. लोक म्हणायचे, "राज गया, पगड़ी नहीं गई." मीही हसले, अण्णा. मला वाटे, तुम्हाला दरबार सुटत नाही. आता वाटतं, ती माझ्यासाठी होती. तसं असेल तर माझ्या त्या हसण्याची मला फार लाज वाटते. पण विचारू कुणाला, आईही गेली.

तुमच्या भोपाळच्या कचेरीतला एकच फोटो माझ्याकडे आहे. अकरा जण, सगळे बोडके. मागे तुम्ही तारीख लिहिलीय. ते अक्षर मी हजारांत ओळखेन. हे पत्रही त्याच्याच मागे ठेवणार आहे. परवा नातीनं विचारलं, "आजी, इसमें आपके पापा कौन-से हैं?" मी मधल्या माणसावर बोट ठेवलं. तिनं त्याला नमस्कार केला. तो तुम्ही आहात की नाही, मला माहीत नाही.