नावावरची रेघ

प्रिय मारमा,

पर्थला उकाडा सुरू झाला असेल. इथे वैरोआत शिंपले चांगले येताहेत. तुझ्या आईसारखा पाव मात्र मला अजून जमत नाही. परवाचा कुत्र्यानेही हुंगून सोडला.

तिच्या कबरीचा दगड होतोय. त्यावर 'मारमाची आई' असं हवं, म्हणून मजकूर संगणकावर लिहून दगड कोरणाऱ्या माणसाला, पेनेला पाठवला. त्याच्या यंत्राने तुझ्या नावातल्या लांब 'आ'च्या, म्हणजे वर आडवी रेघ असलेल्या रोमन अक्षराच्या जागी डोक्यावर दोन टिंबं असलेलं भलतंच अक्षर दाखवलं, आणि पुढे रिकामा चौकोन. पेने वडीलधाऱ्याला म्हणावं तसं म्हणाला, "मातुआ, ती वरची रेघच उडवू या ना. वाचणाऱ्याला कळतंच की."

तुझ्या आईने जमातीच्या कचेरीत तीस वर्षं नावं वाचणारे प्रोग्राम लिहिले. मी रस्त्याच्या कामावरचा माणूस. मला ती शिंपले मांडून समजवायची. यंत्राला अक्षर दिसत नाही, आकडे दिसतात. साध्या 'अ'ला एक शिंपला, रेघवाल्याला दोन. दर शिंपल्याला एक अक्षर धरलं, की एका 'आ'ची दोन भुतं होतात. "यंत्र मूर्ख नाही रे, किती उचलायचे ते त्याला कुणी सांगितलेलं नाही," म्हणायची. शाळेच्या यादीत तू 'मरमा' झालीस, तेव्हा तिने मुख्याध्यापकांना सुनावलं, "रेघ असली की 'मारमा' म्हणजे उजेड, रेघ गेली की 'मरमा' म्हणजे चंद्र. माझी मुलगी उजेड आहे, चंद्र नाही. चंद्र अर्धा महिना गायब असतो." यादी वाचणारा प्रोग्राम दुरुस्त करूनच ती उठली. असं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

मी पेनेच्या शेजारी बसलो. म्हटलं, "एकेक आकडा सुटा वाचू नकोस. इथे दोन मिळून एक अक्षर आहे." त्याने वाचायची पद्धत बदलली आणि तुझं नाव पडद्यावर नीट उमटलं. "मातुआ, तुम्ही तर रस्ते करायचात ना?" म्हणाला.

तिच्या अंत्यविधीच्या, तांगीच्या छापील पत्रिकेत तू 'मरमा' होतीस. छापणाऱ्यानेही मला हेच विचारलं होतं, रेघ उडवू का. तुझ्या आईच्या शवपेटीशेजारी बसून मी 'चालेल' म्हणालो. तू पत्रिकेची घडी घातलीस, आईला पुरल्यावर थेट पर्थला निघून गेलीस. ती चूक यंत्राची नव्हती, माझी होती. वर्ष होत आलं, फोनवर ते सांगता आलं नाही.

वर्षभराने दगड उघडतात, तसं त्यावरचं कापड डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी काढायचंय. सगळे म्हणतात, मी काढावं. मी नाही म्हटलंय. रेघ खोल कोरून घेतली आहे, बोटाला लागते. तू ये. कापड तू काढ.

तुझाच,
पापा