गाळलेलं वाक्य

ती. बाबांना सूनबाईचा सलाम,

तुमचा मुलगा दारू पिऊन चर्चमध्ये कोसळला, तेव्हा भर मंडळीत तुम्ही म्हणालात, “मी या माणसाला ओळखत नाही!” आणि कायमचे निघून गेलात. प्रभूने मात्र त्याला सोडलं नाही. त्याची दारू सुटली.

आज पाळकांनी त्यालाच शास्त्रपाठ वाचायला उभं केलं. उतारा होता, शिष्य पेत्र प्रभू येशूला ओळखायचं नाकारतो तो. माझी मान ताठ! पण पेत्राचं ते वाक्य, अगदी तुमचंच, त्याने चक्क गाळलं.

घरी मी फैलावर घेतलं, “शास्त्र गाळतात का?”

“लोकांना बाबा आठवले असते गं.”

कळलं, तर हे पत्रही तो पोस्टात टाकू देणार नाही. पेत्राला माफी मिळाली, तुम्हालाही मिळेल. तुमच्या मुलाने तर कधीच दिलीय. मला जरा वेळ लागेल.

तुम्ही ज्याला ओळखत नाही,
त्याची बायको