सहावी खुर्ची

शनिवार, ४ जानेवारी. सकाळी साडेदहा.
एका टेबलावर बसून नाश्ता करणाऱ्या तमाम सभ्य लोकहो! तुमच्या आणि माझ्या खिशात, आपल्याला न विचारता, हात घातला गेला आहे!
(भाषणाची सुरुवात. जोरदार आहे. ठेवावी.)
घडलं ते असं. अमेरिकेतल्या डुलुथच्या बंदरावरचं आमचं नेहमीचं डायनर, म्हणजे नाश्त्याचं साधंसं हॉटेल. दर शनिवारी आम्ही सहा म्हातारे, वर्षानुवर्षं तेच टेबल. आज बिलाखाली नवी ओळ: एका टेबलावर सहा किंवा अधिक माणसं असल्यास अठरा टक्के टीप आपोआप. आपोआप! बर्फ आपोआप पडतो. टीप मनातून यावी लागते. मी उभा राहून हेच बोललो. मॅकी म्हणाला, बोल बाबा, पण अंडी गार होतायत. त्याचा सगळा जन्म खनिजाच्या बोटींवर इंजिनापाशी गेला. वक्तृत्व त्याच्या कानावर पडलं कधी?
वेट्रेस लॉर्ना तर माझीच विद्यार्थिनी, वादविवादाच्या वर्गातली. म्हणाली, सर, लोक दोन-दोन तास बसतात, कॉफी भरून भरून घेतात आणि जाताना चिल्लर ठेवतात. म्हणून नियम आला. हे ती माझ्याकडे बघत का म्हणाली, कळलं नाही. बहुधा आदरानं.
संकल्प: बर्फ वितळायच्या आत नियम रद्द.

शुक्रवार, १० जानेवारी.
उपाय सापडला! एका टेबलावर पाच, सहावा वेगळ्या टेबलावर. नियम जागच्या जागी लुळा. सहावा कोण? अर्थात नेता. इंग्रिडला सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे टीप वाचवायला तू स्वतःलाच पंगतीतून उठवलंस? माझ्या बायकोला डावपेचांची दृष्टी नाही.

शनिवार, ११ जानेवारी.
विजय! बिलावर ती ओळ नाही.
शेजारचं टेबल भरलेलं होतं, म्हणून बाथरूमच्या दाराजवळचं घेतलं. तिथून सगळा हॉल नजरेत राहतो. सेनापतीला अशीच जागा लागते. टेबल मात्र डुगडुगतं.
नंतर कळलं, त्या पाच जणांनी आपणहून वीस टक्के ठेवली. स्वेच्छेनं! मी वेगळं काय म्हणत होतो? (जरा जास्तच झाली.) मी माझ्या टेबलावर भाषणाची प्रत ठेवली. पैसा खर्च होतो, विचार उरतो.

शनिवार, १८ जानेवारी.
लॉर्ना म्हणाली, सर, तुमचं भाषण भाड्यापोटी घरमालकाला देऊन पाहिलं, घेत नाही हो तो. शाळेत ही पोरगी इतकी हजरजबाबी नव्हती. माझी शिकवणी उशिरा लागू पडते.
आज टेबल डुगडुगलं नाही. वाकून पाहिलं, तर पायाखाली माझ्याच भाषणाची घडी. माझ्या शब्दांचा आधार वाटतो हे लोकांना पटू लागलंय.
मॅकीनं काहीतरी विनोद सांगितला असावा. पाचही जण हसून डोळे पुसत होते. मी ओरडून विचारलं, काय झालं रे? तो तिकडून ओरडला, तिथून नाही कळायचं, ऑर्विल! मध्ये हॉकीच्या पोरांचं टेबल होतं.

शनिवार, २५ जानेवारी.
मॅकीची बायको हॉस्पिटलमध्ये आहे. हे मला बिल देताना लॉर्नानं सांगितलं. तो आपल्या टेबलावर बोलला, तेव्हा मी दाराजवळ पॅनकेकला सिरप लावत होतो. तिथे असतो तर दोन शब्द बोललो असतो. निदान गप्प बसून ऐकलं असतं.
(शेवटचं वाक्य खोडावं.)

शनिवार, १ फेब्रुवारी.
फितुरी! माझ्या खुर्चीवर पेल्टोला नावाचा दातांचा डॉक्टर बसलेला. सहा माणसं, बिलावर अठरा टक्के, आणि कोणाच्या कपाळावर आठी नाही! मी त्यांच्यासमोर जाऊन गरजलो, इतक्या वर्षांची मैत्री अठरा टक्क्यांना विकलीत? मॅकी म्हणाला, विकली तू. आम्ही विकत घेतोय, आणि स्वस्तात पडतेय. आता बस ना गुमान.
बसलो नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. शिवाय खुर्ची नव्हती.

शनिवार, ८ फेब्रुवारी.
संपूर्ण बहिष्कार. घरीच अंडी. बशी ठेवताना इंग्रिडनं विचारलं, इथली टीप मनातून येते की आपोआप? डायनरमध्ये माझ्या गैरहजेरीनं खळबळ माजली असणार. कोणाचा फोन नाही. फोन बिघडला असावा म्हणून इंग्रिडच्या फोनवरून लावून पाहिला. वाजला.

गुरुवार, १३ फेब्रुवारी.
नियमाचा पुन्हा सखोल अभ्यास केला. शत्रू फसलाय! सहा किंवा अधिक, असं लिहिलंय. म्हणजे सातवा माणूस बसला तरी टक्के अठराच. सातव्यामुळे अन्यायात एका टक्क्याचीही भर पडत नाही. माझं तत्त्व अबाधित. लढा सुरूच.
मॅकीला निरोप पाठवलाय. चार वेळा खोडून लिहिला. आधी त्याच्या बायकोची तब्येत विचारली. मग एवढंच:
एका टेबलावर बसणाऱ्या माझ्या मित्रांनो! शनिवारी लॉर्नाला सांगून सातवी खुर्ची लावून घ्या.