शेजारची रोपं

प्रिय भिंगरी,

तुझा फोन वाजला तेव्हा मी काचघरात होते आणि दोन्ही हात पावडरीने माखलेले होते, म्हणून घेतला नाही. नंतर मुद्दामच केला नाही. फोनवर आपण दोघी एकमेकींच्या तब्येती विचारतो आणि ठेवून देतो. तुझं रक्त धाकट्या भावाशी जुळलं हे मला तुझ्या बाबांनी सांगितलं. त्यांनी ते लगेच आत्यालाही सांगितलं, आणि आत्याला सांगितलं की पुढचं काम आपोआप होतं. आता सगळे असे वागताहेत, जणू तुझं मूत्रपिंड टपालात पडलंच आहे, पोचायचं तेवढं बाकी. पुढच्या आठवड्यात तू उरलेल्या तपासण्यांना येशील. जाड स्वेटर आण, इस्पितळातल्या खोल्या फार गार असतात.

धाकटा बरा आहे, म्हणजे तो जितका बरा असतो तितका. एक दिवसाआड डायलिसिसच्या यंत्राला जोडून घेतो, तिथल्या नर्सला पत्त्यांत हरवतो आणि जिंकल्यावर बक्षीस म्हणून जास्तीचं पाणी मागतो, जे तिला देता येत नाही. तुझ्याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. माझा रक्तगट जुळला नाही, बाबांची साखर आडवी आली. राहिलीस तू. तू नाही म्हणालीस तर त्याने परक्याच्या मूत्रपिंडासाठी रांगेत थांबायचं, आणि ती रांग काही हलताना दिसत नाही. हे तुला ठाऊक आहे. तरी आधी सगळं मांडायचं आणि मग बोलायचं ही माझी कामातली खोड आहे, ती आता या वयात कुठे जायची.

आमच्याकडे मात्र या महिन्यात भलतीच गंमत झाली. शेजारच्या प्रयोगशाळेतला घाईमास्तर तुला आठवत असेल, डबा उघडायच्या आधी जेवून मोकळा होणारा. तो तंबाखूच्या रोपांवर काम करतोय. खालच्या एका पानावर ओरखडे पाडणारी बारीक पावडर भुरभुरायची, विषाणू असलेला रस हलक्या हाताने चोळायचा आणि वाट बघायची. काही दिवसांनी पानावर तपकिरी ठिपके उठतात. विषाणू जिथे शिरला तिथल्या आपल्याच पेशी झाड मारून टाकतं, म्हणजे तो पुढे सरकत नाही. इथवर सगळ्यांना कळतं. मला या कामात इतकी वर्षं धरून ठेवलं ते वरच्या पानांनी. त्यांच्यापर्यंत विषाणू पोचलेलाच नसतो, तरी खालून काहीतरी निरोप जातो आणि ती पानं एरवी कधी न केलेली प्रथिनं करायला घेतात. बरं, त्यातली कितीतरी प्रथिनं विषाणूच्या वाटेलाही जात नाहीत. बुरशीची भिंत फोडणारी असतात. आलंय कोण आणि तयारी कुणाची! आपल्या आत्याला एक पाहुणा येणार म्हटलं की ती घरातल्या सगळ्या गाद्या बाहेर काढते, तसंच.

तर तुलनेसाठी निरोगी रोपं लागतात. त्यांनाही तशीच पावडर लावायची, तसंच चोळायचं, फक्त रसाऐवजी साधं पाणी. घाईमास्तरने ती नीट केली, पण रोपं वाढवायचं दुसरं कपाट बिघडलेलं म्हणून आजारी रोपांच्याच बंद कपाटात शेजारी ठेवून दिली. प्रथिनं वेगळी करून निळ्या रंगाने रंगवली की प्रत्येकाचा एक पट्टा दिसतो. पाहिलं, तर निरोगी रोपांतही आजारी रोपांतले तेच पट्टे. त्याचा चेहरा पडला. विषाणू लागला असणार म्हणून तो सगळं फेकून द्यायला निघाला होता. मी म्हटलं, थांब, आधी विषाणू शोध. पानन्‌पान तपासलं, विषाणू कुठेच नव्हता. मग कपाट उघडून त्याला वास घ्यायला सांगितला. मुरगळलेल्या पायाला आपण मलम चोळतो ना, तसा वास. आजारी रोप तो हवेत सोडतं आणि शेजारचं रोप तेवढ्यावर कामाला लागतं. हे आम्हा लोकांना चांगलं माहीत आहे. तरी तो विसरला. ज्यांना निरोगी धरून तो बाकीच्यांचं माप काढत होता, ती रोपं निरोगी होती, पण स्वस्थ नव्हती.

मी पानांवरून माणसांचे धडे काढत नाही, तुला माहीत आहे, मला त्याचा राग येतो. पण घरी येताना तू डोक्यातून जाईनास. धाकट्याचं मीठ बंद झालं तेव्हा तुला कुणी काही सांगितलं नव्हतं. तू आपण होऊन अळणी जेवायला लागलीस, आणि मैत्रिणीच्या वाढदिवसाचं खाणं खारट लागतं म्हणून टाकून आलीस. त्याला घेऊन आम्ही निघालो की तू गॅस बंद करायचीस, किल्ली शेजारच्या काकूंकडे द्यायचीस आणि त्यांच्याकडे भिंतीला टेकून बसायचीस. गरगर फिरून घर डोक्यावर घेणारी मुलगी कधी फिरायची थांबली ते आमच्यापैकी कुणालाच सांगता येणार नाही. डॉक्टर विचारायचे, घरात बाकी सगळे ठीक ना? आम्ही तुझ्याकडे बोट दाखवायचो, ही बघा, हिला साधी सर्दीही होत नाही. ही प्रथिनं फुकट होत नाहीत गं. ज्या रोपांत ती कायम चालू असतात, ती रोपं खुजी राहतात.

आता कामाचं. माझी तपासणी झाली तेव्हा देणाऱ्यांसाठी असलेली वेगळी डॉक्टरीण मला भेटली. धाकट्याच्या उपचारांशी तिचा संबंध नाही. ती देणाऱ्याला एकटीलाच आत बोलावते, दार लावते आणि विचारते, तुम्हाला मनापासून द्यायचं आहे का? नाही म्हटलं तर बाहेर एवढंच सांगितलं जातं की ही व्यक्ती योग्य नाही. कारण कुणालाच सांगत नाहीत, आईबापांना नाही, धाकट्यालाही नाही. ही सोय आत्याला माहीत नाही, बाबांना नाही, आणि तुलाही ती त्या गार खोलीत अचानक कळली असती, तर तू सवयीने मान हलवून हो म्हणाली असतीस. मला धाकटा हवा आहे. त्याच्यासाठी मी कुणाच्याही पाया पडेन, तुझ्या पडणार नाही. तू नाही म्हणालीस तर तो कदाचित जाईल, हे कळून सवरून मी लिहिते आहे. हो म्हणायचं असेल तर खुशाल म्हण, मग ते तुझं असेल. डॉक्टरीण बाहेर येऊन काय सांगेल ते सांगेल. मी बाहेर बाकावर असेन, आणि दोन्हीपैकी काहीही झालं तरी तुला काही विचारणार नाही.

तुझीच, तुझीसुद्धा,
आई